लकव्यानंतर आप्पांचा श्वास रात्री मध्येच थांबतो, झोपेची तपासणी करून घ्यावी का?

अनेरकाठची · १२ मे, रात्री ११:५०

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

माझे वडील, आम्ही आप्पा म्हणतो, वय ६६, चोपडा तालुक्यात शेती. फेब्रुवारीत पहाटे उठायला गेले तर डावा हात-पाय लुळा आणि तोंड वाकडं. झोपेतच झालं होतं त्यामुळे नक्की कधी झालं ते कुणालाच सांगता येईना, आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं म्हणून ते देता आलं नाही. जळगावला ११ दिवस ॲडमिट होते. आता काठी धरून ओट्यापर्यंत येतात. बोलणं जड झालंय पण समजतं सगळं.

मी धुळ्याला शिक्षिका आहे, सुट्टी लागली म्हणून माहेरी आले आणि आप्पांच्याच खोलीत झोपतेय. पहिल्याच रात्री घाबरले. आधी जोरात घोरणं, मग एकदम शांत. पोट वर-खाली होतंय, छाती ओढ घेतेय, पण नाकातोंडातून हवाच नाही! मोबाईलच्या घड्याळात मोजलं, एकदा ३४ सेकंद. मग मोठा ठसका लागल्यासारखा आवाज आणि श्वास परत चालू. दोन मिनिटांनी पुन्हा तेच. रात्रभर हेच चालू असतं.

आई म्हणते अगं ते लग्नापासून घोरतात, उलट आता तर गाढ झोप लागते, झोपू दे त्यांना. पण मग दिवसा व्यायाम करता करता डुलक्या का येतात? बीपीच्या तीन गोळ्या चालू असून १६०/१०० च्या खाली येत नाही. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठतात, एप्रिलमध्ये एकदा मोरीच्या उंबऱ्याला अडखळून पडले. गावाजवळच्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले लकव्यानंतर थकवा असतोच, आणि रात्री तळमळतात म्हणून झोपेची गोळी लिहून दिली.

स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा आजार, हा शब्द माझ्या एका मैत्रिणीने सांगितला. तर प्रश्न असे की लकवा झालेल्या माणसाची ही तपासणी होते का, नाशिक-मुंबईला नेल्याशिवाय होते का (गाडीत तासभर बसवत नाही त्यांना), आणि त्यावर मास्कमधून हवेचा दाब देणारी मशीन (सीपॅप) असते म्हणे, ती लावून खरंच काही फरक पडतो का. कुणाच्या घरी झालंय का असं?

केळीचा_घड · १३ मे, सकाळी ६:१०

ताई आधी व्हिडिओ काढून ठेवा. डॉक्टरला तोंडाने सांगून पटत नाही, दाखवलं की पटतं.

सुरतकर_जिभाऊ · १३ मे, सकाळी ७:३५

ताई, मना बाबानं बी असंच व्हयेल व्हतं. आम्हले वाटे गाढ झोप लागनी. सहा महिन्यांत दुसरा झटका आला, तेव्हा सुरतच्या डॉक्टरांनी विचारलं की घोरतात का, तोपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं. आम्ही पण सांगितलं नाही, कारण घोरणं हा काही आजार आहे हेच माहीत नव्हतं. तुम्ही वेळेवर बघितलं. थांबू नका.

भुसावळ_यार्ड · १३ मे, सकाळी ९:०२

मी स्वतः पेशंट आहे म्हणून लिहितो. रेल्वेत ३४ वर्षं काढली, त्यात बरीच रात्रपाळी. २०१९ ला उजवा हात दहा मिनिटं बधिर झाला, शब्द फुटेना, मग आपोआप बरं झालं. छोटा झटका म्हणाले. तपासणीत निघालं की तासाला ३८ वेळा श्वास अडकतो. तेव्हापासून मशीन लावतो. पहिले पंधरा दिवस नकोसं झालं होतं, आता मशीन नसली तर मलाच झोप येत नाही.

आमच्या जुन्या गल्लीत एक मामा होते, उन्हाळ्यात गच्चीवर झोपले की शेजारच्या गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहायच्या, आम्ही पोरं हसायचो. ते मामा ५८ व्या वर्षी झोपेतच गेले. आता हसू येत नाही.

आजीचा_बटवा · १३ मे, सकाळी ९:४०

रात्री झोपताना दोन्ही नाकपुड्यांत गाईच्या तुपाचे दोन-दोन थेंब कोमट करून. घोरणं हमखास कमी. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चालतं.

हळूहळू_पाऊल · १३ मे, दुपारी १:१५

बटवाताई, राग मानू नका, पण लकव्याच्या पेशंटला हे सांगू नका. मी नंदुरबारला फिजिओथेरपिस्ट आहे. लकव्यानंतर पुष्कळ जणांचं गिळणं बिघडलेलं असतं, पाणी पिताना सुद्धा ठसका लागतो. अशा माणसाच्या नाकात तूप-तेल टाकलं तर ते घशातून सरळ फुप्फुसात उतरू शकतं आणि तिथे न्यूमोनिया होतो. धडधाकट माणसाचं वेगळं.

अनेरकाठच्या ताई, आप्पांना पाणी पिताना ठसका लागतो का? आणि ते झोपतात कसे, उताणे की कुशीवर? खाट आहे की पलंग?

आजीचा_बटवा · १३ मे, दुपारी २:०५

हे मला माहीत नव्हतं. बरं झालं सांगितलंत. ताई, तूप नका घालू.

अनेरकाठची · १३ मे, दुपारी ३:३०

सगळ्यांचे आभार. सकाळपासून आईला एकेक प्रतिसाद वाचून दाखवतेय. ठसका सुरुवातीला लागायचा, आता नाही. झोपतात उताणे, कारण स्वतःहून वळता येत नाही. खाट सुतळीची, मधून चांगलीच झोल पडलेली, पण त्यांना तीच लागते, पलंगावर झोप येत नाही म्हणतात.

हळूहळू_पाऊल · १३ मे, दुपारी ४:१०

मग पहिलं काम त्या खाटेचं. झोलदार खाटेत माणूस कुशीवर राहूच शकत नाही, घरंगळून मधे उताणाच येतो. उताणं झोपलं की जीभ आणि टाळू मागे पडतात, हवेची वाट आणखी अरुंद होते. पुष्कळ पेशंटचा श्वास कुशीवर निम्म्याने कमी वेळा अडकतो. एकतर खाट ताणून घ्या किंवा घट्ट गादीचा पलंग द्या. डोक्याकडची बाजू थोडी उंच करा, नुसती उशीवर उशी नको, त्याने मान पुढे वाकते आणि वाट अजून दबते. पाठीमागे लांब तक्क्या, दोन गुडघ्यांच्या मधे उशी. लुळ्या बाजूवरही झोपवता येतं, फक्त तो खांदा अंगाखाली चेंगरू द्यायचा नाही, हळूच पुढे काढून ठेवायचा. दर दोन-अडीच तासांनी कूस बदलून द्या.

नेटवर बनियनच्या पाठीला चेंडू शिवायची युक्ती वाचाल. ज्याला स्वतः वळता येतं त्याच्यासाठी ती ठीक. आप्पांना वळता येत नाही, ते रात्रभर त्या चेंडूवरच पडून राहतील.

छातीचा_डॉक्टर · १३ मे, रात्री १०:२०

ताई, तुमचं वर्णन इतकं नेमकं आहे की पेशंटला न बघताही काळजी वाटली. मी खान्देशातच छातीच्या विकारांची प्रॅक्टिस करतो. इथे लिहून औषध देणार नाही, पण काय चाललंय ते सांगतो.

झोपेत घशाचे स्नायू सगळ्यांचेच सैल पडतात. काहींचे इतके की हवेची वाट बंद होते. १० सेकंद किंवा जास्त वेळ हवा बंद राहिली की त्याला ॲप्निया म्हणतात. ऑक्सिजन खाली जातो, मेंदू दचकून अर्धवट जागा होतो, घसा उघडतो, त्याच क्षणी बीपी उसळतं. माणसाला सकाळी यातलं काही आठवत नाही. श्वास पूर्ण किंवा अर्धवट अडकायचे प्रसंग तासाला किती, हा आकडा म्हणजे एएचआय. ५ च्या खाली ठीक, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. तुम्ही म्हणता तसं दर दोन मिनिटांनी होत असेल तर हिशोब तुम्हीच करा. रात्री पुन्हा पुन्हा लघवीला लागणं, तीन गोळ्यांना न जुमानणारं बीपी, पहाटे झोपेतून उठताना लक्षात आलेला लकवा, हे सगळं या आजाराबरोबर पुष्कळदा दिसतं.

लकव्याशी याचं नातं दोन्हीकडून आहे. आधीपासून ॲप्निया असेल तर बीपी वाढून, हृदयाचे ठोके अनियमित होऊन लकव्याचा धोका वाढतो. आणि लकवा झाल्यावर जीभ-घसा कमजोर होतो, माणूस उताणा पडून राहतो, त्याने ॲप्निया वाढतो. २०१० मध्ये २९ अभ्यास एकत्र करून पाहिले होते, लकवा किंवा छोटा झटका आलेल्यांपैकी ७२ टक्के लोकांचा एएचआय ५ च्या वर आणि ३८ टक्क्यांचा २० च्या वर निघाला. एवढं असूनही आपल्याकडे डिस्चार्जच्या कागदावर घोरण्याचा 'घ' नसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अजून एक. लकव्याचे पेशंट नेहमीच्या साच्यात बसत नाहीत. जाड मान, सुटलेलं पोट असेलच असं नाही. दिवसा झोप येते का विचारलं तर नाही म्हणतात, आणि घरचे थकव्याचं खापर लकव्यावर फोडतात. नुसते प्रश्न विचारून हा आजार पकडता येत नाही, रात्रीची नोंदच घ्यावी लागते.

झोपेच्या गोळीबद्दल. अशा काही गोळ्या घसा आणखी सैल करतात आणि मेंदूचं दचकून उठणंही मंदावतं. एकदम बंद करू नका, पण ज्यांनी दिली त्यांना व्हिडिओ दाखवून उद्याच विचारा. आप्पा संध्याकाळी थोडी दारू घेत असतील तर तीही तशीच घातक.

अनेरकाठची · १४ मे, सकाळी ८:००

डॉक्टरसाहेब, तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, कसे आभार मानू. आप्पा दारू घेत नाहीत. तंबाखू होती, लकव्यानंतर सोडवली. गोळीचं आजच विचारते.

तपासणी घरी होते का?

छातीचा_डॉक्टर · १४ मे, दुपारी २:४५

दोन प्रकार आहेत. एक पूर्ण पॉलिसोम्नोग्राफी, डोक्याला तारा लावून, टेक्निशियनच्या देखरेखीखाली. दुसरी घरची, नाकात बारीक नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा, रात्रभर नोंद. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या २०१७ च्या मार्गदर्शनात लकवा झालेल्यांसाठी पहिलीच सुचवली आहे, कारण त्यांच्यात मेंदूकडून श्वासाचा हुकूमच न येण्याचा प्रकार, म्हणजे सेंट्रल ॲप्नियाही असू शकतो, आणि तो घरच्या यंत्रात निसटू शकतो. पण ज्याला तासभर गाडीत बसवत नाही त्याला मोठी तपासणी हवी म्हणून काहीच न करणं मला पटत नाही. घरची करा, वाचणाऱ्या डॉक्टरला लकव्याचा इतिहास सांगा, शंका आली तर पुढची. हृदय कमजोर आहे का ते आधी बघा, इको झाला असेल तर रिपोर्ट सोबत ठेवा.

जळगाव-धुळ्याला घरी यंत्र आणून लावणारे आहेत. कुठल्याही छातीविकार तज्ज्ञाकडे विचारा.

पांझराकाठ · १४ मे, रात्री ९:३०

मी उलटं लिहिणार आहे, कुणाला आवडलं नाही तरी. माझ्या वडिलांना २०१७ ला लकवा झाला. २०१८ ला तपासणी, एएचआय ३३, लगेच मशीन घ्या म्हणाले. ५२ हजार मोजले. मशीन देणारा एकदा येऊन पाच मिनिटांत मास्क बांधून गेला तो परत फोन उचलेना. वडिलांना एका हाताने मास्क काढता येईना, दुसऱ्याच रात्री गुदमरून ओरडले. चार दिवसांत मशीन कपाटात गेली, आजही तिथेच आहे.

आणि नंतर मी वाचलं. २०१६ मध्ये सेव्ह नावाचा मोठा अभ्यास छापून आला, २७१७ माणसं, ७ देश, त्यात भारतसुद्धा. सगळ्यांना आधीच हृदयाचा किंवा मेंदूचा आजार आणि सोबत ॲप्निया. निम्म्यांना मशीन. निकाल काय तर मशीन लावणाऱ्यांत पुढचे झटके कमी झाले नाहीत. मग शेतकऱ्याने केळी-कापसाचा पैसा यात का घालायचा? तेवढ्या पैशात दोन वर्षांची फिजिओथेरपी होते.

खापरावरचे_मांडे · १४ मे, रात्री ९:५५

पांझराकाठ भाऊ, राग समजतो. पण तो मशीनवर आहे की शिकवायला न आलेल्या माणसावर?

भुसावळ_यार्ड · १५ मे, सकाळी ७:२०

माझा दुसरा झटका टळला का हे मला कुणी सांगू शकणार नाही. पण सकाळचं डोकं दुखणं गेलं, रात्री चारदा उठायचो तो एकदा उठतो, आणि आमची मंडळी म्हणते की तुम्ही पुन्हा माणसात आलात. माझ्यासाठी तेवढं पुरे.

छातीचा_डॉक्टर · १५ मे, रात्री ११:१०

पांझराकाठ, तुम्ही दिलेला आकडा बरोबर आहे आणि निकालही बरोबर आहे. तो लपवून मशीन विकणारे आहेत, त्यांचा मलाही राग आहे. पण दोन गोष्टी जोडतो. त्या अभ्यासात मशीन सरासरी ३.३ तासच वापरली गेली, म्हणजे अर्धी रात्र घसा बंदच होत होता. आणि ज्यांना दिवसा अतिशय झोप यायची किंवा ज्यांचा ऑक्सिजन रात्री फार खाली जायचा त्यांना त्यात घेतलंच नव्हतं. आप्पांसारखा पेशंट कदाचित त्या अभ्यासाच्या दारातूनच परत पाठवला असता. चार तासांहून जास्त वापरणाऱ्यांत मेंदूचे झटके कमी दिसले, पण नियमाने मशीन लावणारा माणूस गोळ्याही नियमाने घेतो, त्यामुळे त्यावरून मी छातीठोक काही म्हणणार नाही. दिवसाची झोप, मनाची उदासी, जगण्याचा दर्जा यांत फरक पडला, हे त्याच अभ्यासात आहे.

म्हणून मी पेशंटला सांगतो की पुढचा लकवा टळेल असं वचन देत नाही. झोप, बीपी, व्यायामाला लागणारी ताकद यासाठी लावा. बीपी सरासरी दोन-तीन अंकांनीच उतरतं, हट्टी बीपीवाल्यांत थोडं जास्त. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२१ च्या मार्गदर्शनातही लकव्यानंतर ॲप्निया असेल तर मशीनचा फायदा होऊ शकतो असं म्हटलंय, सक्ती नाही. आणि फिजिओथेरपी बंद करून मशीन घ्या असं कुणी सांगितलं तर त्याचं ऐकू नका. भाड्याने मिळते, महिना-दोन महिने लावून बघा आणि मग ठरवा.

पांझराकाठ · १६ मे, सकाळी ८:४०

भाड्याने मिळते हे तेव्हा कुणी बोललं नाही.

केळीचा_घड · १६ मे, सकाळी ९:००

लाईटचं काय पण? आमच्याकडे रावेरला वादळ झालं की दोन-दोन दिवस लाईट नाही, आणि मे महिन्यात ४५ डिग्री. मशीन मधेच बंद पडली तर माणूस गुदमरेल ना?

भुसावळ_यार्ड · १६ मे, सकाळी ९:२५

गुदमरत नाही भो. मास्कला भोकं असतात, तोंडाचा मास्क असेल तर त्याला वेगळी झडप असते, लाईट गेली की माणूस जागा होतो आणि मास्क काढतो. ज्याला हात चालत नाही त्याच्याजवळ मात्र कुणी झोपलेलं पाहिजे. इन्व्हर्टरवर मस्त चालते, पाणी गरम करायचं भांडं बंद ठेवलं तर पंख्यापेक्षा कमी वीज खाते. फक्त उन्हाळ्यात ते भांडं बंद केलं की नाक कोरडं पडतं, मग लाईट असताना चालू, गेली की बंद. त्या भांड्यात बोअरचं पाणी घालू नका, आपल्याकडच्या पाण्याने आठ दिवसांत पांढरा थर बसतो, डिस्टिल्ड वॉटरच घाला. आणि गच्चीवर मशीन नेऊ नका, धुळीने फिल्टर काळाठिक्कर होतो. मी तो मोह केलाय.

सुरतकर_जिभाऊ · १६ मे, सकाळी १०:१०

ही मशीन काढली कुणी? हवा ढकलून घसा उघडा ठेवायचा, कल्पना साधी पण भारी आहे.

छातीचा_डॉक्टर · १६ मे, रात्री १०:००

ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचे कॉलिन सुलिव्हन. व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरून नाकातून हवेचा दाब दिला, १९८१ मध्ये ५ पेशंटवरचा अनुभव लॅन्सेटमध्ये छापला. तोपर्यंत तीव्र आजाराला गळ्याला भोक पाडणं हाच भरवशाचा उपाय होता.

अनेरकाठची · २९ मे, रात्री १०:१५

मंडळी, तपासणी झाली! जळगावहून एक मुलगा संध्याकाळी यंत्र घेऊन आला, साडेचार हजार घेतले. आप्पांचा चांगला हात मोकळा राहावा म्हणून चिमटा डाव्या बोटाला लावला. आई रात्रभर जागी, नळी निघाली की परत लावायची. मुलगा सकाळी घेऊन गेला.

एएचआय ४६. ऑक्सिजन सगळ्यात खाली ७१ पर्यंत गेला. जवळजवळ सगळे अडकण्याचेच प्रसंग, सेंट्रल अगदी थोडे. आणि हळूहळू_पाऊल ताई, तुम्ही म्हणालात तसंच निघालं, उताणे असताना ६० आणि कुशीवर २२. हे आकडे आईला दाखवले तर तिला रडू आलं. म्हणाली इतकी वर्षं मी यांना गाढ झोप लागते म्हणत होते. मी तिला म्हटलं आई, आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

झोपेची गोळी हळूहळू कमी करून बंद करायला सांगितलीय. खाट ताणून घेतली, चुलतभाऊ आणि दोन गडी लागले. मशीन महिन्याला ४ हजार भाड्याने घेतोय.

हळूहळू_पाऊल · २९ मे, रात्री १०:४०

मी ताई नाही, दादा आहे. पण खूप बरं वाटलं.

अनेरकाठची · २९ मे, रात्री १०:४५

अरे देवा, माफ करा दादा!

अनेरकाठची · ७ जून, दुपारी ४:००

मदत हवीय. मशीन आली पण मास्क टिकत नाही. डावा गाल ओघळलेला असल्याने डाव्या ओठाच्या कोपऱ्यातून हवा फुर्र करून बाहेर. तोंड-नाक दोन्ही झाकणारा मास्क लावला तर हवा टिकते, पण आप्पा घाबरून चांगल्या हाताने ओढतात, आणि मागचा पट्टा एका हाताने सुटत नाही. दोन रात्री तर तासाभरातच काढला. आता भाऊ म्हणतो राहू दे, त्यांना त्रास नको.

पांझराकाठ भाऊ, तुमच्या वडिलांचं काय झालं असेल ते आता कळतंय.

भुसावळ_यार्ड · ७ जून, संध्याकाळी ५:३०

सोडू नका. रात्री सुरुवात करू नका, दिवसा करा. पहिले दोन दिवस नुसता मास्क हातात द्या, स्वतः चेहऱ्यावर धरू द्या, बातम्या बघता बघता. मग मशीन जोडून पाच-दहा मिनिटं. मग दुपारच्या डुलकीला. मग रात्री. सुरुवातीला कमी दाबाने चालू होऊन हळूहळू वाढणारी सोय असते, ती चालू आहे का बघा.

खापरावरचे_मांडे · ७ जून, संध्याकाळी ६:००

माझ्या सासूबाईंचं बोलणं लकव्याने पूर्ण गेलंय, मास्क टोचतो हे सुद्धा सांगता यायचं नाही. आम्ही ठरवलं, उशीवर एकदा थाप म्हणजे पट्टा घट्ट आहे, दोनदा म्हणजे काढा. आणि दोन थापा पडल्या की खरंच काढायचा, अजून थोडा वेळ म्हणून थांबवायचं नाही. त्यांचा विश्वास बसला तेव्हाच मास्क राहिला. चुंबकाच्या क्लिपचे मास्क मिळतात, एका हाताने खट्कन निघतात, ते बघा.

छातीचा_डॉक्टर · ७ जून, रात्री ११:००

थापांची खूण फार छान, मी माझ्या पेशंटना सांगणार आहे.

चुंबकाच्या क्लिपबद्दल मात्र आधी विचारा. पेसमेकर असेल, मेंदूच्या रक्तवाहिनीला धातूची क्लिप बसवलेली असेल, तर तो मास्क नको. फक्त पेशंटच नाही, शेजारी झोपणाऱ्यालाही पेसमेकर नसावा. आप्पांना यातलं काही नसेल तर उत्तम.

तोंड झाकणारा मास्क मीही टाळेन. ज्याला एका हाताने काढता येत नाही आणि ज्याचं गिळणं कधीकाळी बिघडलेलं होतं, त्याला मास्कमध्ये उलटी झाली तर धोका आहे. नाकावरचा लहान मास्क, हनुवटीला मऊ पट्टा, कुशीवर झोपणं, असं करून बघा. थोडी हवा गळली तरी चालते, यंत्र भरून काढतं. माप न घेता दिलेला मास्क परत करा, तो बदलून देणं हे त्यांचं काम आहे.

अनेरकाठची · १४ जुलै, रात्री ९:१०

पाच आठवड्यांनी लिहितेय. शाळा सुरू झाली, शनिवार-रविवार माहेरी जाते.

आप्पा आता सरासरी ४ तास ५० मिनिटं मशीन लावतात, यंत्रात आकडा दिसतो. पेसमेकर वगैरे काही नाही ते विचारून चुंबकाचा नाकावरचा मास्क घेतला, स्वतः उजव्या हाताने काढतात. काढता येतो हे कळल्यावर काढायचंच कमी केलं. पहाटे तीनच्या पुढे मात्र नको म्हणतात, मग आई कूस बदलून तक्क्या लावते.

रात्री लघवीला एक-दोनदा. बीपी त्याच गोळ्यांवर १३८/८६, पण त्यात मीठ कमी केल्याचा आणि वेळेवर गोळ्यांचाही वाटा असेल. सकाळी व्यायामाला बसतात आणि पूर्ण करतात, डुलकी नाही. हात अजून तसाच आहे, मूठ उघडत नाही. मागच्या रविवारी शेताच्या बांधापर्यंत चालत गेले, कापूस बघितला आणि पऱ्हाटीला पाणी कमी पडतंय म्हणून चुलतभावाला रागावले. जड जिभेने का होईना, रागावले! आई दारात उभी राहून हसत होती.

डॉक्टरसाहेब, तीन-चार महिन्यांनी पुन्हा तपासणी करायची का?

छातीचा_डॉक्टर · १४ जुलै, रात्री १०:३०

हो. लकव्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत आकडा काहींचा आपोआप उतरतो, विशेषतः सेंट्रल प्रकार. आप्पांचा अडकण्याचा आहे आणि घोरणं लग्नापासूनचं, त्यामुळे पूर्ण जाईल असं वाटत नाही, पण दाब बदलावा लागू शकतो. तोवर मशीन बंद नको. रागावू द्या त्यांना.

पांझराकाठ · १५ जुलै, सकाळी ७:५०

ताई, तुमचं वाचून काल कपाट उघडलं. वडील आता ७३ आहेत, अजून घोरतात, अजून श्वास अडकतो. दोन महिने हा धागा वाचतोय पण लिहवत नव्हतं. मशीन २०१८ ची आहे, चालू केली तर चालू झाली. वापरू का?

छातीचा_डॉक्टर · १५ जुलै, दुपारी १:३०

लगेच नको. २०२१ च्या जूनमध्ये एका मोठ्या कंपनीने आपल्या पुष्कळ मशीन परत मागवल्या होत्या, आतला आवाज दाबणारा फोम झिजून त्याचे कण हवेत येत होते म्हणून. मशीनच्या खाली अनुक्रमांक असतो, तो कंपनीच्या साइटवर टाकून बघा. यादीत नसेल तरी नळी, फिल्टर, मास्क नवे घ्या. सात वर्षांपूर्वीचा दाब आज लागू असेलच असं नाही, वडिलांची तपासणी पुन्हा करून घ्या आणि मगच लावा.

पांझराकाठ · १६ जुलै, रात्री ८:२०

नंबर टाकला, यादीत नाही. तपासणीवाला शुक्रवारी येतोय. ताई, मास्कचं माप कसं घेतलं तुम्ही? आमचाही उजवा गाल ओघळलेला आहे.

अनेरकाठची · १६ जुलै, रात्री ८:४५

कंपनीचा मापाचा कागद मिळतो, नाकाची रुंदी त्यावर धरून बघायची. पण बसवून नका घेऊ माप, झोपवून घ्या, त्याच कुशीवर, कारण झोपल्यावर गाल वेगळाच पडतो. आम्हाला बसून मध्यम आला होता आणि झोपवल्यावर लहान लागला. शुक्रवारी तो मुलगा आला की त्याला थांबवून घ्या, चहा द्या, आणि दोन-तीन मास्क घालून बघितल्याशिवाय जाऊ देऊ नका.

पांझराकाठ · १६ जुलै, रात्री ८:५०

थांबवतो. जेवायलाच बसवतो त्याला.